परदेशात बसून शेअर ट्रेडिंगवर घर चालेल का?

बडोद्यात असं मराठी घर आता विरळाच, ज्यातला एक तरी मुलगा, मुलगी नाहीतर जावई न्यू जर्सी, टोरांटो, लंडन किंवा मेलबर्नला नाही. रावपुरा, दांडिया बाजार सोडून मांजलपूर-अकोट्याकडे राहायला गेलेल्या आईवडिलांचं फोनवरचं बोलणं इतकी वर्षं नोकरी, व्हिसा आणि नातवंडं यांच्याभोवती फिरायचं. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवीन वाक्य आलंय: "नोकरी सोडून फक्त ट्रेडिंग करायचं म्हणतोय." मी बडोद्यात कर-सल्ल्याचं काम करतो. हे वाक्य ऐकून काळजीत पडलेले आईवडील माझ्याकडे येतात, आणि कधीकधी तो मुलगा किंवा मुलगीच रात्री जागून फोन करते.

हा विषय निघाला की लोक लगेच कोणता शेअर, कोणती स्ट्रॅटेजी, कोणता चार्ट यावर येतात. माझ्या मते ते सगळं नंतरचं. कायदा तुम्हाला काय करू देतो, नफ्यातून कर किती जातो आणि आपला बाजार तुमच्या घड्याळात किती वाजता उघडतो, हे आधी पाहा. बहुतेकांचं उत्तर तिथेच मिळतं.

कायदा काय करू देतो

परदेशी चलनाचा कायदा, म्हणजे फेमा, तुम्ही किती दिवस बाहेर राहिलात एवढंच पाहत नाही. नोकरीसाठी किंवा धंद्यासाठी देश सोडलात की तुम्ही अनिवासी झालात. शिकायला गेलेल्या मुलांनाही रिझर्व्ह बँक अनिवासीच धरते. इन्कम टॅक्सचा १८२ दिवसांचा हिशेब वेगळा आहे. या दोन्हींची गल्लत होते आणि मग "मी अजून एनआरआय झालेलोच नाही" असं म्हणत माणूस जुनं खातं चालू ठेवतो. खरं म्हणजे त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ व्हायला हवं आणि साधं डिमॅट खातं बंद करून शेअर एनआरआय डिमॅटमध्ये हलवायला हवेत. फेमा मोडला तर गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो.

एनआरआयची खाती दोन प्रकारची. परदेशात कमावलेला पैसा इथे आणून ठेवायचा तो एनआरई खात्यात. तो पाहिजे तेव्हा परत नेता येतो. भाडं, पेन्शन, डिव्हिडंड, जुनी बचत असा इथलाच पैसा एनआरओ खात्यात जातो आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येतो, तेही कर भरल्याची कागदपत्रं दाखवून. एनआरई खात्यातून शेअर घ्यायचे तर एका ठरलेल्या बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेच्या पीआयएस योजनेची परवानगी लागते आणि अशी परवानगी एका वेळी एकाच बँकेत असू शकते.

आता मुद्द्याचं. एनआरआयला भारतीय बाजारात शेअरची इंट्राडे करता येत नाही. सकाळी घेऊन दुपारी विकणं नाही. हातात नसलेला शेअर आधी विकून मग स्वस्तात उचलणं, म्हणजे शॉर्ट करणं, तेही नाही. जे घ्याल त्याची डिलिव्हरी घ्यायची आणि शेअर खात्यात जमा झाल्यावरच विकायचा. जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअरची सेटलमेंट, म्हणजे शेअर आणि पैशांची प्रत्यक्ष देवाणघेवाण, दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी होते, त्यामुळे वाट पूर्वीपेक्षा कमी पाहावी लागते, पण त्याच दिवशीचा सौदा मात्र बंदच. म्हणजे "रोज सकाळी दोन-तीन सौदे, महिन्याचा खर्च निघाला" असं जे चित्र व्हिडिओंमधून दाखवतात, ते एनआरआयच्या बाबतीत कायद्यातच बसत नाही.

राहतं ते फ्युचर्स आणि ऑप्शन्स, म्हणजे शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावरचे करार. ते एनआरआयला करता येतात, पण रुपयातल्या एनआरओ पैशावर आणि परत नेण्याच्या हक्काशिवाय. गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीतही एक वाट आहे. तिथल्या एक्स्चेंजवर व्यवहार डॉलरमध्ये होतात आणि गिफ्ट निफ्टी जुलै २०२३ पासून तिथेच, दिवसाचे जवळजवळ एकवीस तास चालतो. पण तेही फ्युचर्सच. वाट निराळी, जोखीम तीच.

आणि या जोखमीची आकडेवारी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने स्वतः दिली आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या तिच्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. असे लोक एक कोटीहून जास्त होते आणि त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. म्हणजे एनआरआयला इंट्राडे बंद आहे, आणि जे उघडं आहे त्यात शंभरातले त्र्याण्णव बुडतात. उरलेल्या सातांत आपण असू असं प्रत्येकालाच वाटतं. पण उरलेल्या सातांपैकी किती जणांचा नफा एका घराचा खर्च भागवण्याइतका होता, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा.

घड्याळ

आपला बाजार सकाळी सव्वानऊला उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. न्यू जर्सीत उन्हाळ्यात ही वेळ रात्री पावणेबारा ते सकाळी सहा, हिवाळ्यात रात्री पावणेअकरा ते पहाटे पाच. लंडनमध्ये उन्हाळ्यात पहाटे पावणेपाच ते सकाळी अकरा, हिवाळ्यात त्याहून एक तास आधी. दुबईत सकाळी पावणेआठ ते दुपारी दोन. मेलबर्नला तिथल्या हिवाळ्यात दुपारी पावणेदोन ते रात्री आठ.

दुबई, सिंगापूर, मेलबर्नच्या माणसाला हे जमू शकतं. अमेरिकेतल्या माणसाला मात्र आठवड्यातल्या पाच रात्री जागून काढाव्या लागतील. ४ जून २०२४ ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के कोसळला. न्यू जर्सीत ती ३ जूनची रात्र होती. सकाळी मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडायचं असताना रात्रभर स्क्रीनपुढे बसलेल्या माणसाने अशा दिवशी शांत डोक्याने निर्णय घ्यावा, ही अपेक्षाच अवाजवी आहे. झोपेचा तुटवडा आणि पैशाचे निर्णय यांचं कधी जमत नाही. जी घरं हे करून बसली आहेत, त्यांच्याकडून मी पैशाच्या नुकसानाइतकंच तब्येतीचं आणि संसारातल्या कुरबुरींचंही ऐकलंय.

किती भांडवल लागेल

इथे कागद-पेन घेऊनच बसा. न्यू जर्सीत चौघांच्या घराचा खर्च महिन्याला पाच हजार डॉलर धरू. बऱ्याच घरांचा याहून जास्तच असतो. वर्षाचे झाले साठ हजार. समजा तुम्ही दरवर्षी, न चुकता, भांडवलावर पंधरा टक्के कमावता. हे फारच उदार गृहीतक आहे, पण चालू दे. हातात पाच लाख डॉलर असतील तर नफा पंचाहत्तर हजार. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर भारतात २० टक्के कर, त्यावर सेस धरून २०.८ टक्के. जुलै २०२४ पूर्वी हा दर १५ होता. म्हणजे साधारण साडेपंधरा हजार डॉलर गेले आणि हातात उरले एकोणसाठ हजारांच्या आसपास. कसाबसा वर्षाचा खर्च निघाला. अमेरिकेचा कर यात अजून धरलेलाच नाही, आणि भांडवल जिथल्या तिथे राहिलं. पुढच्या वर्षी भाडं वाढलं की काय करायचं?

आता एक वाईट वर्ष घाला. बाजारात अशी वर्षं येतातच. २००८ मध्ये निफ्टी वर्षभरात अर्ध्याहून खाली आला होता, आणि २३ मार्च २०२० या एकाच दिवशी तो १३ टक्के पडला. तुमचा तोटा वीसच टक्के झाला असं समजू. पाच लाखांचे चार लाख झाले. पण घर थांबत नाही, साठ हजार काढावेच लागले. उरले तीन लाख चाळीस हजार. पुन्हा पाच लाखांवर यायला आता ४७ टक्के नफा हवा. पगारदार माणूस अशा वेळी बाजाराकडे पाठ करून दोन वर्षं थांबू शकतो. ट्रेडिंगवर जगणाऱ्याला थांबता येत नाही, म्हणून तो मोठा डाव खेळतो. माझ्याकडे येणारे बहुतेक मोठे तोटे पहिल्या घसरणीत झालेले नसतात. ती भरून काढण्याच्या धडपडीत झालेले असतात.

रुपयाचीही बाब आहे. २०१४ मध्ये डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता, २०२४ संपताना पंच्याऐंशीच्या. वर्षाला पन्नास लाख रुपये कमावणाऱ्याला पूर्वी त्र्याऐंशी हजार डॉलर मिळाले असते, आता एकोणसाठ हजारसुद्धा नाही. कमाई रुपयात आणि खर्च डॉलरमध्ये असेल तर हा फरक दरवर्षी तुमच्या खिशातून जातो, तुम्ही कितीही चांगलं ट्रेडिंग केलंत तरी.

करातल्या अडचणी

एनआरआयच्या नफ्यावर कर विक्री होतानाच कापला जातो. इथे राहणाऱ्याला तो पुढे स्वतः भरायचा असतो, तुम्हाला ती मुभा मिळत नाही. पुढे तोटा झाला तर बहुतेक वेळा त्याचा हिशेब रिटर्न भरतानाच होतो आणि जादा कापलेला पैसा परताव्याची वाट पाहत महिनोन्महिने अडकून राहतो. ज्याचं पोटच त्या भांडवलावर आहे, त्याला हे जड जातं.

"बारा लाखांपर्यंत कर नाही ना?" असं बरेच जण विचारतात. ती सवलत निवासींसाठी आहे, एनआरआयला नाही. शेअरच्या अल्पकालीन नफ्यापुढे करमुक्त मर्यादा वापरण्याची सोयही एनआरआयला मिळत नाही. म्हणजे वर्षाला दोन लाखांचा नफा झाला, बाकी कमाई शून्य, तरी २० टक्के द्यावेच लागतात. एका वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरवर मात्र सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही आणि त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के. कायद्यानेच थांबणाऱ्याला झुकतं माप दिलंय.

आणि हे झालं फक्त भारताचं. अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्याने आपली जगभरची कमाई तिथेही दाखवायची असते. भारतात भरलेल्या कराची वजावट मागता येते, पण ती आपोआप मिळत नाही आणि दोन्हीकडची आर्थिक वर्षंही जुळत नाहीत. आपलं मार्चला संपतं, अमेरिकेचं डिसेंबरला. तुमच्या भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली तर अमेरिकेला त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. भारतीय म्युच्युअल फंडावर तर तिथले नियम इतके जाचक आहेत की अमेरिकेतल्या नातेवाइकाला मी फंड घेऊच नका असं सांगतो. कॅनडात साध्या भांडवली नफ्याचा अर्धाच भाग करपात्र असतो, पण सारखे सौदे करून त्यावर जगत असाल तर सरकार त्याला धंदा धरू शकतं आणि मग सगळाच नफा करपात्र होतो.

बाबांच्या नावावरचं खातं

इतकं सांगितलं की फोनवर एक वाक्य ठरलेलं येतं: "मग मी बाबांच्या खात्यातून करतो ना." मला सगळ्यात जास्त याबद्दलच लिहायचं आहे, कारण बडोद्यात मी हे वारंवार पाहतो.

सकाळी नऊ वाजून पाच मिनिटं. आई देवाजवळ, बाबा पेपर घेऊन झोपाळ्यावर. फोन वाजतो. "बाबा, ओटीपी आला का?" "आला रे, थांब, चष्मा घेतो." बाबा सहा आकडे वाचून दाखवतात, मुलगा न्यू जर्सीत लॉगिन करतो, बाबा पुन्हा पेपरकडे वळतात. पुढच्या सहा तासांत त्यांच्या नावावर कितीही लाखांचे सौदे झाले तरी त्यांना त्याची कल्पना नसते.

मुलाने आईवडिलांना पैसे पाठवणं पूर्ण कायदेशीर आहे. त्या भेटीवर करही नाही. पण एकदा भेट दिली की तो पैसा बाबांचा झाला. नफा बाबांचा, तोटा बाबांचा, रिटर्न बाबांचं. फक्त पेन्शन आणि व्याज असेपर्यंत बाबांचं रिटर्न अगदी साधं असतं. ज्येष्ठ नागरिकाची धंद्याची कमाई नसेल तर त्याला अॅडव्हान्स टॅक्सही, म्हणजे वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर, भरावा लागत नाही. फ्युचर्स-ऑप्शन्सचा पहिला सौदा झाला की ती धंद्याची कमाई झाली. मग धंद्याच्या कमाईचा आयटीआर-३ फॉर्म, अॅडव्हान्स टॅक्स, तो चुकला की व्याज. खात्यात झालेला प्रत्येक व्यवहार बाबांच्या पॅनवर इन्कम टॅक्स खात्याकडे नोंदलेला असतो. पंचाहत्तर वर्षांचा माणूस नोटीस हातात धरून माझ्यासमोर बसतो आणि विचारतो, "हा एवढा टर्नओव्हर माझा कसा?" त्यांना काय उत्तर द्यायचं हे मला नेहमीच अवघड जातं, कारण सही त्यांची आहे, पॅन त्यांचा आहे.

दुसरी बाजू आणखी नाजूक. बाबा गेले तर? खातं गोठतं. मुलगा म्हणतो, नॉमिनी मीच आहे. पण नॉमिनी हा मालक नसतो. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअरच्या बाबतीत हे स्पष्ट केलंय: नॉमिनी वारसाच्या वतीने सांभाळतो, हक्क वारसांचाच. म्हणजे मृत्युपत्र नसेल तर बाबांच्या खात्यात ठेवलेला मुलाचा पैसा आईचा आणि बहीण-भावांचाही होतो. तोपर्यंत एकत्र असलेल्या भावंडांत यावरून बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. मुलगा खोटं बोलत नसतो, बहीणही हावरट नसते. कागदावर जे लिहिलंय त्यात मात्र त्याचं म्हणणं कुठेच नसतं.

म्हणून मी आईवडिलांना सरळ सांगतो: ओटीपी सांगू नका. मुलगा रागावला तरी चालेल. ओटीपी सांगणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देण्यासारखंच आहे. आणि मुलांना सांगतो: बाबांना पैसे द्या, खुशाल द्या, पण ते त्यांचे म्हणून द्या. त्यांना वाटलं तर त्यांनी चांगल्या शेअरमध्ये ठेवावेत, नाहीतर एफडीत.

बडोद्याला हे समजावणं खरं तर सोपं जायला हवं. इथल्या कितीतरी निवृत्त माणसांनी शेअरमधूनच चार पैसे केले, पण बसून राहून केले. आयपीसीएल या इथल्या पेट्रोकेमिकल कंपनीचे शेअर घेऊन विसरलेल्यांना २००७ मध्ये विलीनीकरणात दर पाचांमागे रिलायन्सचा एक मिळाला, आणि ज्यांनी तो तसाच ठेवला ते आज समाधानी आहेत. १९९० मध्ये बडोद्याला स्वतःचं शेअर बाजारही मिळालं होतं, सयाजीगंजात. २०१५ मध्ये ते कायमचं बंद झालं. पण ज्यांनी त्या काळात शेअर घेऊन कपाटात ठेवले, त्यांना त्या बंद होण्याने काही फरक पडला नाही.

तिथल्याच बाजारात केलं तर?

इंट्राडेची बंदी भारतीय बाजारापुरती आहे. अमेरिकेत राहून अमेरिकन शेअर घेणं-विकणं याला ती लागू नाही, शिवाय तिथला बाजार दिवसा, साडेनऊ ते चारपर्यंत चालतो. पण दोन गोष्टी आधी पाहा. एक म्हणजे व्हिसा. एच-१बी तुमच्या नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली किंवा सोडली की साधारण साठ दिवसांची मुदत मिळते, आणि ट्रेडिंगच्या कमाईवर तो व्हिसा वाढत नाही. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसताना "आता ट्रेडिंगच" असं ठरवणं म्हणजे तिथे राहण्याचा पायाच काढून टाकणं. दुसरी म्हणजे निवृत्तीची सोय. शेअरच्या नफ्यावर सोशल सिक्युरिटीचे क्रेडिट मिळत नाहीत, आणि ते चाळीस जमल्याशिवाय तिथलं निवृत्तिवेतन मिळत नाही. आणि एखाद्या वर्षी नफ्यापेक्षा तोटा जास्त झाला तर इतर कमाईतून वर्षाला फक्त तीन हजार डॉलरच वजा होतात. उरलेला तोटा पुढच्या वर्षांत ओढत न्यावा लागतो.

नोकरी ठेवून, दरमहा ठरलेली रक्कम एनआरई खात्यातून चांगल्या भारतीय शेअरमध्ये टाकायची आणि वर्षानुवर्षं हलवायची नाही, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. ट्रेडिंगची खरीच आवड असेल तर भांडवलाचा लहानसा भाग बाजूला काढा, तो पूर्ण गेला तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढाच. दोन-तीन वर्षं नीट हिशेब लिहा, कर आणि दलाली वजा करून. एवढं केल्यावर जो आकडा येईल, तो तुमच्या पगाराशेजारी ठेवून बघा.

कायमचं परत आलात तर

बरेच जण शेवटी बडोद्याला परत येतात. कायमचं राहायला आलात की फेमाच्या दृष्टीने तुम्ही त्या दिवसापासून निवासी. बँकेला आणि ब्रोकरला कळवा, एनआरई-एनआरओ खाती साधी करून घ्या, आणि डिमॅट निवासी नावावर आणा. परदेशातली शिल्लक आरएफसी खात्यात परकीय चलनातच ठेवता येते. इन्कम टॅक्सचा नियम इथेही वेगळा आहे: बरीच वर्षं बाहेर राहिलेल्याला पहिली दोन-तीन वर्षं "निवासी पण साधारण निवासी नाही" असा दर्जा मिळू शकतो आणि तेवढा काळ बाहेरच्या कमाईवर इथे सहसा कर लागत नाही. निवासी खातं झालं की इंट्राडेही करता येते, सव्वानऊला, जागरण न करता. पण एनआरआय खात्यातून मात्र ती करता येत नाही, म्हणून आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन हे काम उरकून घ्या.